पाखाडीची रेघ

सरकारी नकाशात आमच्या वाडीला रस्ता होता, पण त्या काळात वाडीवर गाडी जाईल असा रस्ता नव्हता. ही चूक कुणा परक्याने केली नाही. प्रश्न मी लिहिला होता, उत्तर माझ्या वडिलांनी दिलं होतं, आणि 'होय'पुढची खूण माझ्याच पेनाने झाली होती.

आमची वाडी संगमेश्वरच्या अंगाला, डोंगराच्या मध्यावर. एसटी खाली नदीकाठी थांबते. तिथून वर यायचं ते पाखाडीने, म्हणजे जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांनी. आमच्या पाखाडीच्या पायऱ्या दोनशे बारा. वाडीतल्या माणसांनीच त्या दोन पिढ्यांपूर्वी बसवल्या, आणि प्रत्येक घराला त्यातला हिस्सा नेमून दिलेला. गणपती यायच्या आधी आपापल्या पायऱ्यांवरचं गवत काढायचं, शेवाळ खरवडायचं, हललेला चिरा परत बसवायचा. आमच्या घराकडे वळणावरच्या एकोणीस. बाबा त्या इतक्या घासायचे की आई म्हणायची, "भाकरी वाढू काय तितंच?"

या वाटेला आम्ही पाखाडी म्हणायचो आणि रस्ताही म्हणायचो. दोन्ही शब्द एकाच वाटेचे. आमच्या मनात त्यात काही गोंधळ नव्हता.

अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीच्या कॉलेजातून भूगोल घेऊन बी.ए. झालो. आमच्या घरात त्याआधी दहावीपर्यंतही कुणी पोचलं नव्हतं, आणि पदवी तर अख्ख्या वाडीत नव्हती. हे मी तेव्हा मिरवायचो आणि आजही मिरवतो. मग कॉम्प्युटरचा कोर्स केला, काही वर्षं टायपिंगची कामं केली आणि एका सरकारी कार्यालयात कंत्राटावर लागलो. काम नवंकोरं होतं. जिल्ह्याचा नकाशा इंटरनेटवर आणायचा. कुणीही कुठूनही तो उघडावा, वाडीवर टिचकी मारावी, आणि तिथली शाळा, विहीर, दवाखाना, रस्ता समोर दिसावा.

घाटावर गावाला एक ठिपका टाकला की भागतं. आमच्याकडे गाव म्हणजे आठ-दहा वाड्या. एक सड्यावर म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावर, एक खाडीला, एक दरीच्या पलीकडे. म्हणून वाडीवार माहिती गोळा करायची ठरली, आणि तिचा छापील तक्ता मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. सॉफ्टवेअर मोठ्या शहरातल्या एका खाजगी कंपनीचं होतं. त्यांचा इंजिनियर महिन्यातून दोनदा यायचा.

कार्यालयात एक जुने आरेखक होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. हयातभर त्यांनी शाईने कापडावर नकाशे काढले होते, आणि कुठल्या वाडीला कुठल्या ओढ्याव्हाळाचं पाणी हे त्यांना कागद न बघता सांगता यायचं. माझा तक्ता वाचताना सातव्या प्रश्नाशी आले आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"वाडीपर्यंत रस्ता आहे का, होय किंवा नाही. अरे, कसला रस्ता? गाडीचा, बैलाचा, की शेळीचा?"

"काका, प्रोग्रॅमला होय-नाहीच लागतं."

"मग प्रोग्रॅमला पाखाडीवर फिरवून आण एकदा. धाप लागली की कळेल त्याला."

इंजिनियर शेजारीच बसला होता. त्याने विचारलं, "पाखाडी म्हणजे काय हो सर? पाखरांचं काही?"

मला राग आला. त्याच्यापुढे पायऱ्या, चिरे, धाप असलं काही सांगत बसायचं जिवावर आलं. मी म्हटलं, "काही नाही, रस्ताच तो." काका चष्मा खाली घेऊन आपल्या टेबलाशी गेले.

तक्ते भरायला ठिकठिकाणी माणसं गेली. आमच्या वाडीचा तक्ता मात्र मी हौसेने मागून घेतला. रविवारी वर गेलो, घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पाट मांडून बसलो. वाडीतली दहाबारा माणसं जमली. बाबा वाडीत वडीलधारे, म्हणून उत्तरं त्यांनी द्यायची.

"आपलं नाव?" मी मुद्दाम साहेबी आवाजात विचारलं.

"आता बापाचं नावबी इसरलास? शिकल्याचा उपेग झाला म्हनायचा."

सगळे हसले. विहीर झाली, शाळा झाली, सातवा प्रश्न आला. "वाडीपर्यंत रस्ता आहे का?"

"हाय म्हंजे?" बाबा म्हणाले. "तू आत्ता आलास तो काय उडून आलास?"

"सायबाला पायऱ्या लागल्या असतील, म्हनून इचारतोय," चुलता म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

माझा हात थांबला होता. तक्ता कशासाठी आहे हे मला ठाऊक होतं. रस्ता म्हणजे गाडीचा रस्ता, हेही ठाऊक होतं. पण त्या खळ्यात, त्या माणसांसमोर, ज्यांनी दरवर्षी कंबर मोडून ती पाखाडी राखली त्यांच्या तोंडावर 'रस्ता नाही' असं मला लिहवेना. मी 'होय'वर खूण केली. पुढे कळलं, पाखाडीवरच्या जवळजवळ सगळ्या वाड्यांनी असंच 'होय' सांगितलं होतं. आपल्याकडे रस्ता नाही असं पाहुण्यापुढे कोण कबूल करील?

नकाशा सुरू झाला. कार्यालयात समारंभ झाला, नारळ फुटला, पेढे वाटले. जिल्हाभर रस्त्यांच्या हिरव्या रेघा. मी बाबांना मुद्दाम बोलावून घेतलं आणि खुर्चीत बसवून पडद्यावर आमची वाडी दाखवली. त्यांनी बोट लावलं.

"पायऱ्या कुठं हायत?"

"पायऱ्या नाही दिसत बाबा. रेघ दिसते."

"बरी हाय," ते म्हणाले. परत निघताना शिपायाला सांगत होते, "पोराने काढली हां ती."

वर्षभराने, भात झोडणीच्या दिवसांत, बाबा खळ्यातच कोसळले. उजवी बाजू गेली. वाडीतल्या चौघांनी लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधले, त्यात बाबांना फडक्याने आवळलं आणि दोनशे बारा पायऱ्या उतरवून खाली जीपपर्यंत आणलं. आई सांगते, पाऊण तास लागला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर हात-पाय थोडे जास्त सुधारले असते. रागाने नाही म्हणाले, नुसतं सांगितलं.

बाबा वाचले. काठी घेऊन सपाटीवर चार पावलं चालायला लागले. पायरी मात्र चढता येईना. मी रत्नागिरीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. तिथे आई-बाबा आले आणि वाडीतल्या घराला कुलूप लागलं. मी म्हटलं, तब्येत बरी झाली की खुर्चीतूनच वर नेऊ, माणसं तयार आहेत.

"नाय," बाबा म्हणाले. त्यांची जीभ जड झाली होती, पण हे स्पष्ट म्हणाले. "उतरवलं तवा मी सुदीत नव्हतो. सुदीत असताना मी चौघांच्या खांद्यावर बसनार नाय. चालत जाईन, नायतर गाडीतनं जाईन."

चालत जाणं तर होणारच नव्हतं. म्हणजे गाडी. म्हणजे रस्ता.

आणि नेमकं त्याच सुमारास रस्ता नसलेल्या वाड्यांची यादी करायचं ठरलं. यादीतल्या वाड्यांना क्रमाने रस्ते होणार होते. यादी आमच्या नकाशावरून निघाली. मी ती वरून खाली तीनदा वाचली. आमची वाडी नव्हती. पाखाडीवरची एकही वाडी नव्हती.

कार्यालयाच्या साहेबांकडे गेलो. ते तसे भले गृहस्थ. म्हणाले, "तुमच्या वाडीला रस्ता आहे की. नकाशात आहे. तुम्हीच केलाय ना नकाशा?"

"चूक झाली साहेब. ती पाखाडी आहे."

"मग दुरुस्त करा नकाशा. तो दुरुस्त झाला की यादी दुरुस्त करता येईल. मी तोंडी ऐकून वाडी कशी घालू?"

ते बरोबरच बोलत होते. पण नकाशा दुरुस्त होत नव्हता. कंपनीचं कंत्राट संपलं होतं आणि नव्याने झालं नव्हतं. ज्या मशीनवर बदल करायचे त्याच्या पाठीमागे एक अंगठ्याएवढं खोचायचं कुलूप असायचं, डाँगल म्हणत त्याला. ते इंजिनियर जाताना घेऊन गेला होता. त्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडेना. सीडीवर माहितीची प्रत होती, पण ती त्यांच्याच सॉफ्टवेअरला वाचता येई. कंपनीचा फोन आधी वाजायचा, नंतर वाजेनासा झाला. पुढच्या पावसाळ्यात सर्व्हर बदलला आणि नकाशाच बंद पडला. पत्ता टाकला की वर खात्याचं बोधचिन्ह, खाली पांढरं पान. यादी मात्र कागदावर छापलेली, ती जिवंत होती.

जिल्ह्यातली इतकी माणसं उन्हातान्हात फिरली, आणि त्या सगळ्यावर एका परक्या माणसाच्या खिशातलं कुलूप. मी काकांना म्हटलं, "आपण नवा करू."

"आपण म्हणजे कोण? तू आणि मी? मला माउस धरता येत नाही रे."

"तुम्ही वाड्या सांगा. माउस मी धरतो."

तेव्हा कुठे फुकट मिळणारी, उघडी सॉफ्टवेअरं माझ्या माहितीत आली होती. त्यांना कुलूप नव्हतं. त्यांची इंग्रजी पुस्तकं मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचली. पदवी आहे म्हणून इंग्रजी येतं असं नाही. हे आमच्यासारख्यांनाच ठाऊक. अडगळीच्या खोलीतून जुन्या तक्त्यांचे गठ्ठे काढले. काहींना वाळवी लागली होती, काही ओलीने एकमेकांना चिकटले होते. काका ते ब्लेडने हळूहळू सोडवायचे, जसं पूर्वी चुकलेली शाई खरवडायचे.

आम्ही दोघांनी एक नेम ठरवला. उद्या मी नसेन, काका तर नसतीलच. तेव्हा कार्यालयातल्या कुठल्याही कारकुनाला कुणालाही फोन न करता एक रेघ बदलता आली पाहिजे. म्हणून सगळी माहिती साध्या यादीत ठेवली, कुठल्याही मशीनवर उघडेल अशी. आणि एक जाड वही केली, मराठीत, हाताने लिहिलेली. पहिल्या पानावर 'नकाशा बंद पडल्यास', दुसऱ्यावर 'रेघ चुकल्यास'. प्रत्येक ओळ मी शिपायाला वाचून दाखवायचो. त्याला कळली नाही की पुन्हा लिहायचो. त्याला कंटाळा यायचा. "साहेब, मला नकाशा नको, बदली हवी," म्हणायचा.

आणि सातवा प्रश्न बदलला. गाडीरस्ता, कच्चा रस्ता, पाखाडी, पायवाट आणि तर, म्हणजे होडीची वाट, असे पाच रकाने केले. पण रकाने केल्याने भागेना. वाडीत जाऊन विचारलं की माणसं पुन्हा म्हणायची, रस्ता हाय की! शेवटी काकांनीच तोड काढली. आम्ही एका सड्यावरच्या वाडीत बसलो होतो. काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सहज विचारलं, "वाडीत कोण आजारी पडलं तर खाली कसं नेता हो?"

 एक म्हातारी म्हणाली, "माज्या सुनंला घोंगडीच्या झोळीतनं नेलीन." दुसरा म्हणाला, "पाठुंगळी." तिसऱ्याने नुसतं समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

त्या दिवसापासून आम्ही रस्त्याचं विचारणं सोडलं. प्रत्येक वाडीत हेच विचारायचो, आणि मग खरं उत्तर यायचं. ते लिहून घ्यायला मला जड जायचं. कितीतरी वाड्यांत त्या उत्तराच्या शेवटी माणूस दवाखान्यात जिवंत पोचलेलाच नसायचा.

यात दोन पावसाळे गेले. बाबा खोलीच्या खिडकीशी बसून असायचे. खिडकीतून दुसऱ्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. मी कामावरून आलो की विचारायचे, "कुटवर आलं?" मी सांगायचो, लांजा झालं, राजापूर झालं. संगमेश्वर मी शेवटी ठेवलं होतं. का ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आज कळतं. बाबांना पुन्हा तो प्रश्न विचारायला मला भीती वाटत होती.

अखेर एका सकाळी तक्ता घेऊन त्यांच्यासमोर बसलो. नाव विचारलं नाही, स्वतःच लिहिलं. विहीर झाली, शाळा झाली.

"बाबा, आपल्या वाडीत आजारी माणूस खाली कसा नेतात?"

 आई भाजी चिरता चिरता थांबली.

"तुला म्हाईत नाय?" ते म्हणाले.

"माहीत आहे. पण तुमच्या तोंडून लिहायचंय."

"खुर्चीत बांदून." आणि मग, "मंग आता काय लिवनार? रस्ता नाय म्हनून? 'नाय' लिवलंस तर आमी जल्मभर कशावरनं चाललो?"

"'नाही' असं लिहीत नाही, बाबा. पाखाडी लिहितोय. आता तिचा वेगळा रकाना आहे."

"तिची रेघ कशी?"

"तांबडी. तुटक."

"तुटक?" त्यांचा डावा हात काठीवर आवळला. "तुटक कशापायी? कुटं तुटलीय? एक चिरा तरी पडू दिलाय काय आमी?"

"गाडी जात नाही त्या वाटेला तुटक रेघच काढतात. सगळीकडे तशीच पद्धत आहे."

"सगळीकडं आसंल. आमची सलग हाय."

मी काकांना सांगितलं तेव्हा हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, "चाळीस वर्षं मी तुटक काढली. कुणी मला असं बोललं नाही बघ. सलग कर." म्हणून आमच्या नकाशात पाखाडीची रेघ तांबडी आणि सलग आहे. जाणकार माणसं अजून विचारतात, ही कुठली पद्धत. मी सांगतो, आमची.

नवा नकाशा सुरू झाला तेव्हा नारळ फुटला नाही. काका त्याच महिन्यात निवृत्त झाले. मी पाखाडीवरच्या वाड्यांची नवी यादी काढून साहेबांसमोर ठेवली. त्यांनी ती नीट वाचली आणि वर पाठवली. आमची वाडी तिच्यात होती. घरी येऊन बाबांना सांगितलं.

"मंग गाडी कंदी?" ते म्हणाले.

"मंजुरी आली की. पुढच्या उन्हाळ्यात धरा."

"पुढच्या," ते म्हणाले, आणि आईला म्हणाले, "पेटीतला शर्ट धुवून ठेव."

मंजुरी आली. उन्हाळा यायला अजून दोन महिने होते तेव्हा बाबा सकाळी चहा पिता पिता गेले. आई कप घ्यायला वळली तेवढ्यात. त्यांना आम्ही वाडीवर नेलं, चौघांच्या खांद्यावरून, पाखाडीने. ते बोलले होते तसंच झालं म्हणायचं. सुदीत असताना ते खांद्यावर बसले नाहीत. वळणावर मी पुढच्या बाजूला होतो. पायऱ्यांवर गवत माजलं होतं, कारण आमच्या वाट्याच्या पायऱ्या तीन वर्षं कुणी साफ केल्या नव्हत्या. एका ठिकाणी चिरा हलला आणि माझा पाय सरकला. मागून चुलता ओरडला, "संबाळ! बापूस हाय वरती."

रस्ता त्यानंतरच्या वर्षी झाला. पाखाडीने नाही, मागच्या बाजूने, सड्यावरून वळसे घेत. मी तेव्हा दुसऱ्या कार्यालयात गेलो होतो. एकदा असाच नकाशा उघडला तर आमच्या वाडीला हिरवी रेघ आलेली, आणि तांबडी आपल्या जागी. चौकशी केली. कुणी एक नवीन कारकून बाई होत्या. त्यांनी वही उघडून, दुसरं पान बघून ती ओढली होती. मला कुणी फोन केला नव्हता. असं व्हावं म्हणूनच तर सगळं केलं होतं. तरी मी त्या दिवशी जेवलो नाही. ती एक रेघ मला स्वतः ओढायची होती, आणि ती ओढताना कुणाला तरी हाक मारून दाखवायची होती.

पावसाळा सरल्यावर आईला घेऊन रिक्षाने वर गेलो.  सड्यावर वळणं सुरू झाली तशी ती दोन्ही हातांनी पुढची दांडी धरून बाहेर बघत राहिली. रिक्षा आमच्या खळ्याच्या कडेच्या बसक्या बांधाला, पेळेला, जवळजवळ टेकून थांबली. आई उतरली, मागे वळून रस्त्याकडे बघितलं.

"हे असते तर पयलं काय बोल्ले असते, सांग."

"काय?"

"वाकडा काडलाय, म्हनाले असते."

ती हसली, आणि हसता हसताच पदर तोंडाला लावून पेळेवर बसली. मी कुलूप काढलं. दार पावसाने फुगलं होतं. उघडायला मला दोनदा खांदा लावावा लागला.